मांजराची हाक

गेल्या आषाढापासून आमच्या घरात कोणी सलग रात्रभर झोपलेले नाही. निदान मी चारचौघांत तसे सांगत होतो. याला कारण एक मांजर. राखी अंगावर काळे पट्टे, शेपटीचे टोक मोडलेले, आणि अंगाने इतके लहान की दिवसा ते कुठे पडले आहे हे शोधावे लागते. पण रात्रीचे तीन वाजले की हे एवढेसे जनावर सोप्याच्या दाराबाहेर बसून जो सूर लावते, तो पलीकडच्या आळीतल्या दत्ताच्या देवळापर्यंत पोचतो, असे तिथले पुजारीच मला सांगून गेले. आईने तिचे नाव चिमी ठेवले. नाव ठेवले की मांजर घरचे होते, हे मला ठाऊक होते, म्हणून नाव ठेवू नका असे मी म्हणत होतो. पण आईपुढे माझे चालत नाही.

संपादकांनी दिवाळीसाठी ऐतिहासिक लेख मागितला तेव्हा त्यांच्या मनात अर्थातच गड, तह आणि बखरी असणार. मी शाळेत इतिहास शिकवतो, माझ्या कादंबऱ्याही ऐतिहासिक म्हणवल्या जातात. त्यांची अपेक्षा गैर नव्हती. पण रात्री तीनला जागा झालेला मनुष्य पुरंदरच्या तहाचा विचार करू शकत नाही. तो मांजराचाच विचार करतो. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. मॅट्रिकपुढचे माझे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयाच्या कपाटांतून. त्याच कपाटांतून, आणि जे तिथे नव्हते ते मोबाइलवरून, मी गेले चार महिने मांजराच्या ओरडण्याचा इतिहास गोळा केला आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, जी वाचली तेव्हा मला खरी वाटेना. मोठी झालेली मांजरे एकमेकांशी ‘म्याऊ’ करीत नाहीत. ती एकमेकांवर फिस्कारतात, गुरगुरतात, माजावर आली म्हणजे सारी आळी उठवतात. पण आपण ज्याला म्याऊ म्हणतो तो आवाज मुळात पिलाचा. पिलू आईला हाक मारते तो. रानातले मांजर वयात आले की ही हाक बहुतेक टाकून देते. घरातले मांजर मात्र ती जन्मभर जपते, आणि वापरते ती माणसांसाठी. १९४४ साली मिल्ड्रेड मोल्क या अमेरिकन बाईंनी मांजराच्या आवाजांचे १६ प्रकार कान लावून टिपले: तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले आणि तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले. त्यांतला मधला वर्ग तो आपला म्याऊ. पुढे २००४ साली निकोलस निकॅस्ट्रो या संशोधकाने दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या रानमांजरांचे आवाज आणि घरच्या मांजरांचे आवाज माणसांना ऐकवले. घरच्या मांजरांचा आवाज आखूड, उंच पट्टीतला, आणि ऐकणाऱ्यांच्या मते अधिक गोड निघाला. गोड हा शब्द त्या लोकांनी दुपारच्या वेळी वापरला असावा.

म्हणजे चिमी ओरडते ती मांजर म्हणून नव्हे, तर आमच्या घरातले कोणीतरी तिची आई आहे असे समजून. ते कोणीतरी कोण, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. तो फार उशिरा आला, आणि तो सांगावा म्हणूनच खरे तर हा लेख लिहितो आहे.

माणसाने मांजर पाळले असे आपण म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. गाय, बकरी, कुत्रा यांना माणसाने आपल्या कामासाठी जवळ केले. मांजर आपण होऊन आले. तिग्रिस-युफ्रेतिसच्या मुलखात आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर लोक शेती करू लागले, धान्याची कोठारे भरली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. २००७ साली जगभरच्या मांजरांच्या आनुवंशिक तपासणीतून असे दिसले की आजची सारी घरगुती मांजरे त्याच मुलखातल्या रानमांजरांची वंशज आहेत. त्याआधी तीन वर्षे, २००४ मध्ये, सायप्रस बेटावरच्या एका फार जुन्या वस्तीत फ्रेंच उत्खननकर्त्यांना सापडलेल्या दफनाची हकीकत प्रसिद्ध झाली. सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी पुरलेले एक माणूस, आणि त्याच्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर, स्वतंत्र खड्ड्यात नीट ठेवलेले आठेक महिन्यांचे मांजर. सायप्रसमध्ये मूळचे मांजर नव्हते. म्हणजे ते कोणीतरी नावेत घालून समुद्रापलीकडून आणले होते. त्या नावेत रात्री काय प्रकार झाला असेल, याची कल्पना आता मी करू शकतो.

इजिप्तविषयी फार लिहीत नाही. ते सर्वांना थोडेफार माहीत असते. इतकेच सांगतो की त्यांच्या भाषेत मांजराला ‘मिऊ’ अशाच आवाजाचा शब्द होता. म्हणजे नाव ठेवण्याचे कामही मांजरानेच केले. तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या थोरल्या मुलाने आपल्या ‘ता-मिऊ’ नावाच्या मांजरीसाठी कोरीव दगडी शवपेटी करवली होती. घरातले मांजर मेले की माणसे भुवया काढतात, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. आणि इसवी सनापूर्वी ६० च्या सुमारास डायोडोरस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने डोळ्यांनी पाहिले की एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले, तेव्हा राजाचे अधिकारी मध्ये पडूनही जमावाने त्याला सोडले नाही. एवढ्या थाटाची अखेर मात्र विचित्र झाली. १८९० साली इजिप्तमधून मांजरांच्या ममींचा सुमारे १९ टनांचा माल जहाजाने लिव्हरपूलला गेला आणि खत म्हणून विकला गेला. देवतेचा मान मिळालेली ती मांजरे दळून शेतात पडली.

आपल्याकडचा सगळ्यांत जुना पुरावा मला त्याहून आवडतो. सिंधमधल्या चन्हुदडो येथे १९३५–३६ मध्ये मॅके यांनी उत्खनन केले, तेव्हा एक वीट सापडली. भट्टीत जाण्याआधी ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर धावत गेले आणि पाठोपाठ एक कुत्रा. दोघांचे पंजे विटेवर उमटले आहेत. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही धावपळ. मोहेंजोदडोची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, पण ही वीट आमच्या नववीतला कोणताही मुलगा वाचू शकतो.

पुढे आपल्या ग्रंथांत मांजर पुष्कळ येते, पण एक चमत्कार असा की तिथे ते ओरडत नाही. ते गप्प असते. पंचतंत्रातला दधिकर्ण नदीकाठी डोळे मिटून धर्माच्या गोष्टी सांगतो आणि न्याय मागायला आलेल्या ससा आणि कपिंजल या दोघांनाही खाऊन टाकतो. महाभारताच्या उद्योगपर्वातले मांजर हात वर करून तप करते आणि विश्वासाने जवळ आलेल्या उंदरांना गट्ट करते. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या त्या अजस्र शिल्पपटावर, तपस्व्याच्या पलीकडे, एका पायावर उभे राहिलेले मांजर आणि त्याच्यासमोर हात जोडलेले उंदीर कोरले आहेत. मनूने ढोंगी माणसाला नावच दिले ‘बैडालव्रतिक’, म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला. आमच्या मराठीतही मांजर डोळे मिटून दूध पिते ते मुकाट्यानेच. ज्यांनी या कथा रचल्या त्यांच्या दाराशी रात्री तीनला मांजर येत नसावे, किंवा आले तरी उठून पाहणारे दुसरे कोणी असावे.

याला एक अपवाद दक्षिणेकडच्या वैष्णवांचा. रामानुजांच्या मागून त्यांच्या संप्रदायात वाद झाला, की भक्ताने मोक्षासाठी स्वतः काही करायचे की नाही. एका पक्षाने दाखला दिला माकडाच्या पिलाचा: ते आईला घट्ट धरून ठेवते, म्हणून तरते. दुसऱ्या पक्षाने दाखला दिला मांजराच्या पिलाचा: ते काहीच करीत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. याला मार्जारकिशोरन्याय म्हणतात. पिलाने फक्त हाक मारायची. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञानाच्या दोन शाखा एका ओरडणाऱ्या पिलावरून ओळखल्या जाव्यात, हे मला फार हृद्य वाटते. पण आचार्यांनी सारा विचार केला तो पिलाच्या बाजूने. रात्री किती वेळा उठावे लागते, हे त्यांनी मांजरीला विचारले नाही.

श्रावणात आमच्या घरी या विषयावर पहिली बैठक झाली. माझी पत्नी स्वभावाने कठोर नाही, पण सकाळी साडेपाचला उठून तिला डबे करायचे असतात. ती म्हणाली, “अहो, पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या. पूल ओलांडून मांजर परत येत नाही म्हणतात.”

आई माजघरातून म्हणाली, “वाटेत मेलं तर? सोन्याचं मांजर करून काशीला कोण वाहणार? तुझा नवरा?”

सोन्याच्या मांजराची ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. तिचे मूळ शोधताना मी मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडला, आणि उघडला नसता तर बरे झाले असते असे वाटले. मांजर, मुंगूस, चाष पक्षी, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा यांतल्या कोणाचा वध घडला तर काय प्रायश्चित्त घ्यावे, ते तिथे सांगितले आहे. शूद्राच्या हत्येला जे प्रायश्चित्त, तेच. मांजराची किंमत वाढवण्यासाठी हे लिहिलेले नाही, हे उघड आहे. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहात हा ग्रंथ जाळला गेला. मी शाळेत दरवर्षी ती तारीख फळ्यावर लिहितो. हा श्लोक मात्र मी यंदा प्रथमच नीट वाचला, आणि तोही मांजराच्या निमित्ताने.

आईचे दुसरे म्हणणे असे की घरात मांजर हवेच. तिच्या आजीने प्लेगचे दिवस पाहिले होते. १८९६ मध्ये मुंबईला प्लेग आला आणि मग तो गावोगाव पसरला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे कळायला वेळ लागला. त्या काळी वऱ्हाड-मध्यप्रांताकडे असलेल्या अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टराने गावांतली मांजरे मोजायला सुरुवात केली, आणि जिथे मांजरे पुष्कळ तिथे प्लेग कमी, असे प्रतिपादन करणारा लेख १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिला. साहेब वाड्यावाड्यांतून मांजरे मोजत हिंडतो आहे, हे चित्र एखाद्या कादंबरीत घालावे असे माझ्या मनात आहे.

बैठकीत निर्णय झाला नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे असतो. त्यांच्या गावात आठवीपुढे शाळा नाही. तो सोप्यात निजतो. या सगळ्या बोलण्यात तो पाटीवर बसून खाली मान घालून जेवत होता. त्याला कोणी काही विचारले नाही.

रात्री ओरडणाऱ्या मांजराचा कायद्याने विचार करणारा एक राजा मला सापडला, तो वेल्सचा. दहाव्या शतकातल्या या राजाला लोक ‘भला हवेल’ म्हणत. त्याच्या नावाने चालत आलेल्या कायद्यांत मांजराचे भाव ठरलेले आहेत. डोळे न उघडलेले पिलू एक पेनीला, डोळे उघडल्यापासून उंदीर मारीपर्यंत दोन पेनी, आणि उंदीर मारू लागले की चार. विकणाऱ्याने हमी द्यायची की मांजराचे कान, डोळे, दात, नखे शाबूत आहेत, ते उंदीर मारते, आपली पिले खात नाही. आणि काही पोथ्यांत पुढे असेही आहे की दर अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला ते ओरडत फिरत नाही. मालात खोट निघाली तर किमतीचा काही भाग परत. हा कायदा करणारा माणूस मला आपला वाटला. त्याची झोप मोडलेली होती.

पण या साऱ्या वाचनात जी हकीकत माझ्या मनात घर करून राहिली ती पॅरिसची. १७३० ते ४० या दशकाच्या अखेरची. सँ-सेव्हरँ नावाच्या गल्लीत एक छापखाना होता. तिथे जेरोम आणि लेव्हेये नावाचे दोन उमेदवार पोरगे काम शिकत होते. ते एका घाणेरड्या, गारठलेल्या खोलीत निजत. पहाटे चार-पाचला उठून त्यांना कामगारांसाठी फाटक उघडावे लागे. मालक उशिरापर्यंत झोपलेला असे. दिवसभर सगळ्यांची हमाली, सगळ्यांच्या शिव्या. जेवायला मालकाच्या पंक्तीला नाही, तर स्वयंपाकघरात उरलेसुरले. त्यातही स्वयंपाकीण चांगले उरलेले बाहेर विकून टाकी आणि पोरांना देई मांजरांसाठी आणलेले मांस, आणि तेही इतके नासके की पोरांनी ते मांजरांपुढे टाकले तर मांजरे तोंड लावीत नसत. पॅरिसच्या छापखानेवाल्यांना त्या काळी मांजरांचा षोक होता. एका मालकाकडे २५ मांजरे होती. त्यांची त्याने चित्रे काढवून घेतली होती आणि त्यांना भाजलेली कोंबडी खाऊ घाली. या घरच्या मालकिणीची लाडकी मांजर होती ‘ला ग्रिझ’, म्हणजे आपली करडी.

आळीतली मांजरे रात्रभर पोरांच्या खोलीच्या छपरावर ओरडत. पोरांना झोप नाही, आणि पहाटे फाटक उघडायला तर उठायचेच. लेव्हेये हा नकला करण्यात पटाईत. एका रात्री तो छपरांवरून सरपटत मालकाच्या निजायच्या खोलीवर गेला आणि मांजराच्या आवाजात असा ओरडू लागला की मालक-मालकिणीचा डोळा लागेना. अशा काही रात्री गेल्या. चेटूक झाले असे मालकाला वाटू लागले, आणि त्याने त्याच पोरांना हुकूम केला की मांजरांचा बंदोबस्त करा. मालकिणीने बजावले, करडीला मात्र घाबरवू नका.

पोरांनी पहिल्याने करडीलाच मारले आणि तिला लपवून टाकले. मग कामगारांसह काठ्या, सळया घेऊन ते साऱ्या मांजरांच्या मागे लागले, अर्धमेल्या मांजरांची पोती अंगणात ओतली आणि तिथे न्यायालय भरवले. पहारेकरी, पाद्री, मारेकरी, सगळ्यांची सोंगे झाली. शिक्षा सुनावल्या गेल्या आणि मांजरांना फाशी दिले गेले. मालकीण बाहेर आली आणि किंचाळली; दोरीला लटकलेली ती आपली करडी आहे असे तिला वाटले. मालक आला तो काम थांबले म्हणून संतापला. ते दोघे आत गेले आणि कामगार पोट धरून हसत राहिले. पुढे कित्येक दिवस लेव्हेये हा प्रसंग नकला करून दाखवी, विसाएक वेळा तरी, आणि छापखाना दरवेळी हसे.

हे सारे निकोला काँता नावाच्या माणसाने लिहून ठेवले. तो स्वतः त्या छापखान्यातला उमेदवार होता. १९८४ साली रॉबर्ट डार्नटन या अमेरिकन इतिहासकाराने त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा ते जगाला कळले. डार्नटनचा प्रश्न असा की यात हसण्यासारखे काय होते? आपल्याला हसू येत नाही, किळस येते. तो म्हणतो, जिथे आपल्याला विनोद कळत नाही तिथेच त्या काळात शिरण्याची वाट सापडते. मालकावर हात टाकता येत नव्हता. त्याच्या घरात ज्याचे स्थान आपल्याहून वरचे होते, त्याच्यावर टाकता आला. मला स्वतःला हे पटते आणि पटतही नाही. पोरांची झोप मोडली ती मांजरांनी खरीच, पण पहाटे चारला फाटक उघडायला लावले ते मांजरांनी नव्हे. मेली मात्र मांजरे.

भाद्रपदात मी ही गोष्ट नववीच्या वर्गात सांगितली. फ्रेंच राज्यक्रांती शिकवत होतो, तेव्हाच्या पॅरिसमध्ये कामकऱ्यांचे काय हाल होते याचे उदाहरण म्हणून. गोष्ट रंगली. लेव्हेये छपरावर चढतो त्या ठिकाणी मी स्वतः म्याऊ केले, सारा वर्ग हसला. आणि तिसऱ्या बाकावर माझा भाचा बाकावर डोके टेकून गाढ झोपलेला मला दिसला. शिक्षकाला दुसरे काहीही सहन होते. मी त्याला उठवून उभे केले आणि वर्गाला म्हणालो, “बघा, आमच्या घरी मांजरामुळे सगळे जागे असतात आणि हा कुंभकर्ण रात्रभर घोरून इथे पुन्हा झोपतो!” वर्ग पुन्हा हसला, पहिल्यापेक्षा जोराने. तो काही बोलला नाही. तास संपेपर्यंत उभा होता.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी रात्री पाऊस होता. आईला खोकल्याची उबळ आली म्हणून मी माडीवरून खाली उतरलो. तिला पाणी दिले. सोप्यात उजेड दिसला म्हणून पाहिले, तर दार अर्धे उघडे, दाराशी भाचा बसलेला, त्याच्या टॉवेलात गुंडाळलेली चिमी, आणि पुढे बशीत दूध. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. मला पाहून तो दचकून उभा राहिला.

“मामा, तुम्ही उठलात? आज मला उघडायला उशीर झाला.”

“रोज तू उघडतोस?”

“ती एकदा ओरडली की लगेच उघडतो. नाहीतर मामीची झोप मोडते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून,” तो म्हणाला. मग माझे लक्ष बशीकडे गेलेले पाहून घाईने म्हणाला, “माझ्या कपातलंच ठेवतो संध्याकाळचं. वेगळं घेत नाही.”

मी माडीवर गेलो, पण झोपलो नाही. हिशेब करीत राहिलो. चार महिन्यांत चिमीचे ओरडणे मी ऐकले असेल तीन-चार रात्रींतून एकदा. त्याच्या जोरावर मी साऱ्या गावाला माझे जागरण ऐकवत होतो. उरलेल्या रात्री ती एकदाच ओरडे आणि दार उघडले जाई. आम्हाला जाग येई ती त्या मुलाला जाग येत नसे त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी मी पूर्वी वरवर वाचून सोडलेले एक टिपण पुन्हा काढले. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅकोम्ब यांना त्यांचे स्वतःचे मांजर रोज सकाळी घुरघुरत उठवी. त्या त्रासातूनच त्यांनी शोध सुरू केला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही मागायचे असते तेव्हा मांजर आपल्या घुरघुरण्यात एक उंच स्वर मिसळते, आणि त्या स्वराची पट्टी तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या जवळची असते. ज्यांनी कधी मांजर पाळले नाही त्यांनाही तो आवाज ऐकून उठावेसे वाटते. आईने पहिल्याच रात्री म्हटले होते, “मेली मूल रडल्यासारखी रडते.” बंगालात लहान मुलांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे, आपल्याकडची सटवाई तिचीच बहीण. हे ससेक्सला कोणी कळवले असते तर बरे झाले असते. पण टिपणातली जी ओळ मी चाळून पुढे गेलो होतो ती निराळी होती. मांजर हा आवाज सरसकट सगळ्यांसाठी काढीत नाही. ज्या घरी त्याचे एका माणसाशी जमलेले असते तिथे तो अधिक आढळतो. कोण उठते हे मांजर पाहून ठेवते आणि त्यालाच हाक मारते. चिमी चार महिने आम्हाला हाक मारीतच नव्हती.

मुलगा का उठत होता? मामीची झोप मोडू नये म्हणून, हे त्याने सांगितले. पोत्याची गोष्ट त्याने ऐकली होती, हेही खरे. मी त्याला अधिक विचारले नाही. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मी लहानपणी मामाकडे होते शिकायला. गडूचा आवाज झाला तरी मी उठून बसायची.” हे तिने मला पूर्वी कधी सांगितले नव्हते.

वर्गात मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते. पुढचा धडा नेपोलियनचा होता, तो शिकवला.

घटस्थापनेपासून भाच्याचे अंथरूण आईपाशी माजघरात घातले आहे आणि सोप्यात मी निजतो. पोत्याचा विषय पत्नीने पुन्हा काढला नाही; संध्याकाळी दुधाचा एक कप ती आता वेगळा ठेवते. पहिल्या रात्री तीन वाजता चिमी आली. मला जाग आली ती तिच्या चौथ्या का पाचव्या हाकेला. दार उघडले, बशी पुढे सरकवली. तिने माझ्याकडे पाहिले, पाय हुंगले, बशीला वळसा घातला आणि सरळ माजघराच्या बंद दाराशी जाऊन बसली. मग तोंड उघडून पुन्हा सूर लावला.

आतून आवाज आला, “मामा, मी येऊ का?”

“झोप तू,” मी म्हणालो.